चार सॅक्सन पलटणी

"ऐनापुरे, पोरं आणल्यात! पायाखाली जमीन दे त्यांना."

नेमगोंडाचा आवाज जिन्यातून आला, तसा मी गॅलरीत गेलो. खाली त्रिशला वहिनी स्कूटर स्टँडवर लावत होत्या आणि नेमगोंडा मगदूम मिठाईचे चार जुने खोके छातीशी धरून वर येत होता. प्रत्येक पायरीची कड आधी चपलेच्या टोकाने चाचपायची आणि मग वजन टाकायचं, अशी त्याची चाल होती. मी ती पाहिली. तिची नोंद मात्र घेतली नाही.

"वहिनींना कशाला त्रास दिलास? मोटारसायकल कुठं आहे?"

"विकली. लई गरम व्हायची."

"मोटारसायकल की तू?"

"दोघंबी," तो म्हणाला आणि खोके टेबलावर ठेवायला वाकला. पहिला खोका टेबलाच्या कडेवर अर्धा बाहेर राहिला. मी तो आत सरकवला.

खोक्यांत शिपाई होते. प्रत्येकी चोवीस, म्हणजे एक पलटण. शिसं आणि कथिल वितळवून ओतलेले, इंचभर उंचीचे, अठराव्या शतकातल्या सॅक्सनीच्या फौजेतले शिपाई. आमच्या या नादाची हकिगत तीन वाक्यांत सांगतो. एकोणऐंशी साली कारखान्याने मला एका यंत्राच्या प्रशिक्षणासाठी सहा महिने जर्मनीला पाठवलं आणि तिथल्या घरमालकाच्या माळ्यावर मी प्रथमच पाहिलं की म्हातारी माणसं टेबलावर डोंगर, गावं आणि नद्या मांडून, फाशांनी आणि मोजपट्टीने, अडीचशे वर्षांपूर्वीच्या लढाया पुन्हा लढतात. येताना मी गणवेशांच्या रंगांचे तक्ते आणि खेळाचे नियम घेऊन आलो. आणि तंत्रनिकेतनात माझ्याच बाकावर बसलेला, पुढे उद्यमनगरात स्वतःची फाउंड्री काढलेला नेमगोंडा ते तक्ते रात्रभर बघत बसला व आठवड्याभरात पितळेचा पहिला शिपाई कोरून घेऊन आला.

मी प्रशिया घेतलं, त्याने सॅक्सनी. माझे शिपाई निळ्या कोटांत, त्याचे पांढऱ्या. ज्याची फौज त्याने रंगवायची. साचे त्याचे. पायाखालची जमीन, म्हणजे सहा-सहा शिपाई पातळ पट्टीवर चिकटवून त्यावर हिरवा भुसा पसरणं, हे काम दोघांच्याही फौजांसाठी माझ्याकडे, कारण त्याला ते कंटाळवाणं वाटे आणि मला वाटत नसे.

नियमही मीच लिहिले होते. त्यांतला नववा असा: ज्या पलटणीचे रंग तक्त्याशी जुळत नाहीत ती टेबलावर येणार नाही. मी कारखान्यात तपासणी विभागात होतो. मला दुसरं काही सुचणं शक्य नव्हतं. तपासणी करायचे इनामदार सर, हायस्कूलमधून निवृत्त झालेले इतिहासाचे शिक्षक आणि आमचे पंच. तीस वर्षांत त्यांनी चार पलटणी नापास केल्या होत्या. त्यांतल्या तीन माझ्या.

"रविवारी केसल्सडॉर्फची लढाई," नेमगोंडा चहाच्या कपासाठी हात पुढे करत म्हणाला. हात कपाच्या डावीकडे पडला, बशीला लागला आणि मग कपाच्या कानापर्यंत गेला. "इतिहासात सॅक्सन ग्रेनेडियर गाव सोडून बाहेर पडले आणि तुझ्या लोकांनी कापले. मी न्हाई बाहेर काढणार. बसतो गावात. ये म्हणावं."

"बघू."

"बघू काय? तुझा चेहरा पडलेला दिसतोय."

दिसत नव्हता. मला आता माहीत आहे की त्याला माझ्या चेहऱ्याच्या जागी एक करडा ठिपका दिसत होता आणि भोवती माझे कान.

ते दोघं खाली गेले आणि दोन मिनिटांत वहिनी एकट्या परत आल्या. रुमाल राहिला म्हणाल्या. रुमाल त्यांच्या हातातच होता.

"भावजी, मिरजेच्या डॉक्टरांना दाखवलं. दोन्ही डोळ्यांचा मधला भाग गेलाय. कडेकडेचं दिसतं. त्याला औषध नाही म्हणाले."

"कधीपासून?"

"वर्ष झालं. कुणाला सांगायचं नाही म्हणतात. पोराला सुद्धा सांगितलं नाही." त्यांनी खोक्यांकडे पाहिलं. "ही चार खोकी करायला पाच महिने बसले होते. रविवारी ते सर तपासणार ना?"

"हो."

"सगळ्यांसमोर कळलं तर ते परत यायचे नाहीत, भावजी. मी ओळखते त्यांना. मग नुसते घरात बसून राहतील." एवढं बोलून त्या थांबल्या. बघा काहीतरी, असं त्या म्हणाल्या नाहीत. पुढचं सगळं मी केलं, माझ्या विचाराने केलं, हे नोंदवून ठेवतो.

त्या गेल्यावर मी खोके उघडले. पहिल्या पलटणीच्या बाह्यांच्या दुमडी लाल हव्या होत्या. त्या तपकिरी होत्या. दुसरीच्या हिरव्या हव्या होत्या. अर्ध्या निळ्या होत्या, अर्ध्या हिरव्या. पट्ट्यांचा रंग कोटावर, कोटाचा रंग हातांवर आला होता. एका शिपायाचा ओठ हनुवटीखाली होता. नेमगोंडा प्रत्येक शिपायाला डोळे काढायचा, दोन दोन ठिपके. मी कधीच काढत नसे. इंचभर शिपायाचे डोळे दोन हातांवरून दिसत नाहीत. या शहाण्णव जणांतल्या बहुतेकांचे डोळे गालांवर होते.

माझी बायको वारली त्याला तेव्हा सात महिने झाले होते. त्या काळात मला कशाचंच काही वाटत नसे. सकाळी उठायचं, ठरलेलं काम करायचं, संपलं की पुढचं. खोके बघूनही मला वाईट वाटल्याचं आठवत नाही. मी फक्त हिशेब केला: शहाण्णव नग, सहा दिवस, रोज सोळा. सकाळी सात ते दहा पूर्वेच्या खिडकीत उजेड चांगला असतो.

रंग काढून टाकायचा झाला तर थिनरमध्ये बुडवून, घासून, पुन्हा अस्तर देऊन वाळवावं लागतं. त्याला दोन आठवडे लागले असते. म्हणून मी त्याच्या रंगावरच रंग चढवला. आधी सोळांचे कोट, मग सोळांच्या दुमडी, मग पट्टे, मग चेहरे. एक रंग सगळ्यांना दिल्याशिवाय दुसरी बाटली उघडायची नाही, ही माझी पद्धत. त्याचा हात माझ्यापेक्षा मोकळा होता, म्हणून पट्ट्यांची कड मी मुद्दाम जराशी हलती ठेवली. शेवटी, आयुष्यात पहिल्यांदा, डोळेसुद्धा काढले. एकशे ब्याण्णव ठिपके. शनिवारी दहा वाजता ब्रश धुतले.

रविवारी इनामदार सरांनी तक्ता हातात घेऊन चारही पलटणी पाहिल्या. भिंगातून एकेक रांग.

"वा, मगदूम! वय झालं म्हणता, पण हात तोच आहे. हे डोळे बघा! ऐनापुरे, शिका जरा."

"तो काय शिकतोय," नेमगोंडा म्हणाला. "त्याच्या प्रशियाची सगळी फौज आंधळी. म्हणून तर सरळ चालतात."

तिघेही हसलो. तो खुर्चीत जरा ताठ बसला. काम बरोबर झालं होतं.

लढाई सुरू झाली. तो खरोखरच उत्तम खेळत होता. गाव, बर्फाळ उतार, तोफांच्या जागा, सगळं त्याच्या डोक्यात मांडलेलं होतं. कोणती पलटण किती इंच पुढे न्यायची हे तो सांगे आणि "माझी कंबर धरलीय, तूच सरकव" म्हणे. मी सरकवत होतो. त्याचे नवे शिपाई गावात बसले होते आणि माझ्या दोन चढाया परतल्या होत्या. तिसऱ्या चढाईत माझा फासा चांगला पडला.

"सॅक्सन, तीन पडले," सर म्हणाले.

मारले गेलेले शिपाई ज्याचे त्याने उचलायचे असतात. त्यासाठी पुढच्या रांगेतले काही शिपाई आम्ही सुटेच ठेवत असू. नेमगोंडाने हात लांबवला, टेबलाच्या कडेवरून बोटं चालवत गाव गाठलं, तीन शिपाई उचलले आणि तळहातावर घेतले. त्याची एक सवय होती. पडलेला शिपाई हातात आला की अंगठ्याचं नख त्याच्या छातीवरून वरखाली फिरवायचं. त्याने कोरलेलाच शिपाई तो. माझा पुढचा डाव सुरू झाला, मी मोजपट्टी लावली, आणि माझ्या लक्षात आलं की त्याचं नख थांबलंय.

त्याने दुसरा शिपाई चाचपला. मग तिसरा.

"सर, जरा थांबा," तो म्हणाला. "ऐनापुरे, याच्या छातीवर बटणं किती?"

"सहा. तीन जोड्या."

"मी कोरली तेव्हा सहा होती. आता एकबी लागत न्हाई."

 त्या बटणांची उंची एक दशांश मिलिमीटरपेक्षा कमी होती. रंगाचे त्याचे दोन थर आणि माझे दोन. मला हे गणित यायला हवं होतं. मी त्याच्या डोळ्यांचा विचार केला होता, बोटांचा केला नव्हता.

"कुणी रंगवली?"

"मी."

"ही तीन?"

"चारही पलटणी."

"कधी?"

"सोमवार ते शनिवार. सकाळी सात ते दहा."

"बघा सर, वेळसुद्धा सांगतोय," तो म्हणाला, पण हसला नाही. इनामदार सर गोंधळून एकदा माझ्याकडे आणि एकदा भिंगाकडे बघत होते. "काय चुकलं होतं त्यात?"

"रंग तक्त्याशी जुळत नव्हते."

"मग नियम नऊ काय म्हणतो?"

"नेमगोंडा, तुझे डोळे—"

"माझे डोळे मला म्हाईत हायत. नियम काय म्हणतो?"

"टेबलावर येणार नाही."

"मग आली कशी?"

 त्याने तीन शिपाई टेबलाच्या कडेवर ओळीत आडवे ठेवले. चाचपून, नीट.

"त्र्याऐंशी साली माझी चाळीस कास्टिंग तू परत पाठवलीस. ट्रकमधनं उतरवूसुद्धा दिली न्हाईस. माझा फोरमन, तुझे हमाल, सगळे बघत होते. पोटात छिद्रं हायत म्हणालास. होती. शेजारच्या शेडमधला म्हणाला, मगदूम, छिद्रात लांबीची पुट्टी भर, वरनं रंग मार, दुसऱ्या पाळीत पाठव, कुणाला कळतंय. मी भरली का रे?"

"नाही."

"पुन्हा ओतली. चाळीसच्या चाळीस. आणि तुला घरी जेवायला बोलावलं, बासुंदी केली होती हिनं. का बोलावलं? सगळ्या कोल्हापुरात एक माणूस असा हाय की माझा माल खराब असला तर माझ्या तोंडावर सांगतो, म्हणून." तो उठला. "आता तूच लांबी भरलीस, मर्दा. कास्टिंगला न्हाई. मला."

"मला वाटलं—"

"तुला कायबी वाटलं न्हाई. तुला हल्ली वाटतच न्हाई. वाटलं असतं तर बोलला असतास." मग सरांकडे वळून, अगदी साध्या आवाजात: "सर, मला घरी सोडता का? आणि माझी सगळी पोरं द्या बांधून. जुनी, नवी, सगळी."

सॅक्सनीच्या बावीस पलटणी, तोफा आणि घोडदळ माझ्या लोखंडी कपाटात होतं. आम्ही दोघांनी, म्हणजे सरांनी आणि मी, ते सगळं वर्तमानपत्रात गुंडाळून भरलं. त्याला पाऊण तास लागला. नेमगोंडा तेवढा वेळ जिन्याच्या तोंडाशी भिंतीकडे तोंड करून उभा होता.

पुढचे तीन रविवार टेबल तसंच राहिलं. एका बाजूला माझी फौज, समोर रिकामं गाव. मी सकाळी सात वाजता खिडकीत बसे, कारण ती वेळ ठरलेली होती. करायला काही नव्हतं. तेरा दिवसांनी वहिनींचा फोन आला.

"ते बोलत नाहीत. थिनरचा डबा आणलाय मोठा. दिवसभर टूथब्रशने घासत बसतात. काय चाललंय विचारलं तर म्हणतात, धुणं."

"मी येऊ का?"

"नको, भावजी. तुमचं नाव काढलं की उठून आत जातात."

चौथ्या रविवारी दहाच्या सुमारास इनामदार सर माझ्याकडे नुसतेच गप्पा मारायला आले होते, आणि खाली रिक्षा थांबली. जिन्यावर तीच चाचपती पावलं वाजली. या वेळी तो लपवत नव्हता. हात भिंतीला लावून येत होता. दुसऱ्या हातात एकच खोका होता.

"बसा, बसा, मगदूम," सर म्हणाले.

"बसायचं मग ठरवू." त्याने खोका पुढे धरला. "एक पलटण हाय. थिनरनं धुतली, अस्तर दिलं, रंगवली. सगळं मी. हिला बाटल्या ओळीत लावून द्यायलासुद्धा सांगितलं न्हाई. तपासा."

सरांनी हात पुढे केला.

"तुम्ही नको, सर. ऐनापुरे तपासेल. बाकीची पोरं खाली रिक्षात हायत, हिच्यासंगं. तपासणी नीट झाली तर वर आणायची. न्हाई तर ही पण घेऊन जातो आणि पुन्हा या जिन्याला पाय लावत न्हाई."

मी खोका घेतला. तक्ता काढला, भिंग काढलं, खिडकीशी नेलं. पाहायला काही अवघड नव्हतं. खोका उघडताच पहिल्या नजरेत दिसत होतं. तरी मी चोवीसही शिपाई एकेक करून पाहिले, कारण तपासणी अशीच करतात. त्याला दहा-बारा मिनिटं लागली असतील. सर घसा खाकरत होते. 'ठीक आहे हो' म्हणणं तेव्हा अगदी सोपं होतं, आणि तसं म्हटलं असतं तर इनामदार सरांनी आयुष्यात ब्र काढला नसता.

"नापास," मी म्हणालो.

"का?"

"पहिली रांग, दुसरा शिपाई: दुमड लाल हवी, नारिंगी आहे. चौथा: पट्टा उलट्या खांद्यावर. पाचवा, सहावा: टोपीची कड सुटलीय. दुसरी रांग, पहिला—"

"थांबू नकोस."

मी थांबलो नाही. तो दारात उभा राहून ऐकत होता, मान किंचित वाकडी करून, म्हणजे मी त्याला कडेने दिसत असणार. प्रत्येक दोषाला त्याची मान हलत होती. चौथी रांग संपली.

"चोवीसपैकी सात बरोबर. सतरा अयोग्य."

"सात?" तो म्हणाला. "मला वाटलं चारपाच असतील. लिहून दे."

मी टेबलाच्या खणातून कागद घेतला. कारखाना सुटून दोन वर्षं झाली होती, तरी हाताने आपोआप रकाने आखले. नग. योग्य. अयोग्य. दोष. कारण. दोषांचा रकाना भरला आणि कारणाशी माझं पेन अडलं.

"काय झालं?"

"कारण लिहायचंय."

"मग लिही की. तुला म्हाईत हाय."

मी लिहिलं.

"वाच."

"रंगवणाऱ्याला दिसत नाही," मी वाचलं.  सर खिडकीबाहेर पाहत होते. सात महिन्यांत, नव्हे आता आठ, मी मोठ्याने म्हटलेलं ते पहिलंच वाक्य होतं ज्याच्या शेवटाला मला पुन्हा श्वास घ्यावा लागला.

"सही कर. तारीख घाल."

मी सही केली, तारीख घातली. त्याने कागदाची घडी घातली, कड कडेला बरोबर जुळते की नाही हे नखाने पाहिलं आणि ती सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवली. मग भिंत सोडून गॅलरीच्या कठड्यापर्यंत गेला आणि खाली वाकून ओरडला, "अगं, खोकी पाठव वर! रिक्षावाल्याला सांग, आडवी धरू नको म्हणावं, आत माणसं हायत."

परत येऊन त्याने आपली खुर्ची शोधली. मी हात धरायला गेलो नाही. तो बसला, दोन्ही तळवे टेबलाच्या कडेवर ठेवले आणि माझ्या दिशेने, जरासा चुकून माझ्या उजव्या कानाच्या दिशेने, म्हणाला, "आता टेबलावर काय काय हाय, ते डावीकडनं सांग."

मी डावीकडून सुरुवात केली.